माणूस यंत्राशी कसा वागतो याचा पहिला अभ्यास: नवख्या संशोधकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणात माझ्या वाट्याला आलेला प्रकल्प तिकीट देणाऱ्या यंत्राचा होता. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर ही यंत्रे उभी असतात. कार्ड ठेवायचे, पडद्यावर स्थानक निवडायचे आणि तिकीट घेऊन गाडी पकडायची, इतकेच काम असते, आणि तरीही शेजारच्या खिडकीसमोरची रांग हलत नाही. असे का होते, हे मला शोधायचे होते. पहिले तीन महिने मी सगळे उलट्या क्रमाने केले. आधी प्रश्नावली छापली, मग ती भरून देणारी माणसे शोधली, आणि आपल्याला नेमके काय विचारायचे आहे ते सर्वांत शेवटी कागदावर मांडले. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा हाती आला, पण यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हे त्यातल्या एकाही पानावरून कळत नव्हते.

ज्यांना मानव-संगणक आंतरक्रियेचा, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातील देवघेवीचा, पहिलाच अभ्यास करायचा आहे, त्यांचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हा लेख लिहिला आहे. उदाहरण तिकीट-यंत्राचे घेतले असले, तरी एटीएम, दवाखान्यातील रक्तदाब मोजण्याचे उपकरण किंवा मोबाइलवरचे एखादे ॲप यांनाही हाच क्रम लागू पडतो.

सुरुवातीला जमवायच्या गोष्टी

कागदपत्रांमध्ये दोन पानांचा अभ्यासाचा आराखडा, सहभागींसाठी सोप्या मराठीतील माहितीपत्रक, संमतीपत्र, ज्या जागी अभ्यास करायचा तेथील लेखी परवानगी, सत्रात वाचून दाखवायची संहिता, एका कार्डावर एक याप्रमाणे लिहिलेली कामे, नोंदपत्रक आणि मानधनाची पावती एवढे लागते. याशिवाय सहभागींची नावे आणि त्यांना दिलेले क्रमांक यांची यादी स्वतंत्र ठेवावी. ही यादी इतर कागदांच्या फाइलमध्ये कधीही ठेवू नये.

साधने फार महाग नसतात. ध्वनिचित्रमुद्रण करू शकतील असे दोन फोन, एक ट्रायपॉड, कॉलरला लावायचा माइक, पॉवर बँक, स्टॉपवॉच, क्लिपबोर्ड आणि चिकटचिठ्ठ्या पुरतात. एक फोन हात आणि पडदा टिपण्यासाठी ठेवावा आणि दुसरा आवाजासाठी, कारण स्थानकावरील उद्घोषणांच्या गोंगाटात एकाच फोनवर विसंबून राहिल्यास निम्मे बोलणे ऐकू येत नाही. पडद्यांचा नमुना (प्रोटोटाइप) बनवण्यासाठी फिग्मा, चित्रफितीतील कृतींची वेळेनुसार नोंद करण्यासाठी बोरिस आणि आकडेमोडीसाठी जामोवी किंवा आर ही सॉफ्टवेअर वापरता येतात. यांतील शेवटची तिन्ही मोफत मिळतात.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

‘तिकीट-यंत्र वापरायला सोपे आहे का?’ हा प्रश्न वरवर ठीक वाटतो, पण त्याचा अभ्यास करता येत नाही. कोणासाठी सोपे, कोणत्या कामासाठी सोपे आणि कोणत्या परिस्थितीत सोपे, यांपैकी काहीच त्यात सांगितलेले नाही. आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा अकरावा भाग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये सुधारला गेला. वापरयोग्यतेची त्याने दिलेली व्याख्या येथे फार उपयोगी पडते. ठरावीक वापरकर्त्यांनी, ठरावीक उद्दिष्टासाठी, ठरावीक संदर्भात वस्तू वापरली असता मिळणारी परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान, असा तिचा गाभा आहे. या व्याख्येतील प्रत्येक रिकामी जागा आपल्या प्रश्नात भरली की प्रश्न आपोआप नेमका होतो.

माझा प्रश्न शेवटी असा झाला: ज्यांनी हे यंत्र पूर्वी कधी वापरलेले नाही असे मराठी वाचू शकणारे प्रवासी, मागे रांग उभी असताना, मदतीशिवाय रिटर्न तिकीट काढू शकतात का, आणि अडले तर कोणत्या पायरीवर अडतात? वाक्य लांब आहे, पण त्यातील प्रत्येक शब्दाने पुढे एक निर्णय सोपा केला. हे वाक्य कागदावर उतरल्याशिवाय पुढच्या पायरीकडे जाऊ नका.

२. काहीही न विचारता दोन दिवस पाहा

यंत्रापासून दहा-बारा पावलांवर, कोणाच्या वाटेत येणार नाही असे उभे राहा आणि गर्दीच्या वेळी एक तास व दुपारच्या निवांत वेळी एक तास फक्त पाहा. किती माणसे यंत्राजवळ आली, किती तिकीट घेऊन गेली, किती अर्धवट सोडून गेली आणि ती कोणत्या क्षणी वळली, एवढेच लिहा. अर्थ लावण्याची घाई करू नका. ‘गोंधळली’ असे लिहिण्याऐवजी ‘बोट पडद्याच्या वर थांबले, मागे वळून पाहिले’ असे लिहा. ‘गोंधळली’ हे आपले अनुमान असते. थांबलेले बोट मात्र दुसऱ्या निरीक्षकालाही तसेच दिसेल.

पहिल्याच दिवशी मी पाहिलेल्या एका बाईंची नोंद माझ्या वहीत अजून आहे. खांद्याला भाजीची पिशवी, हातात कार्ड, आणि स्थानकाच्या नावापर्यंत सगळे व्यवस्थित जमले होते. पुढच्या पडद्यावर त्यांची तर्जनी काचेपासून बोटभर अंतरावर थांबली. त्यांनी मागच्या दोघांकडे पाहिले, ‘तुम्ही घ्या आधी’ असे म्हटले आणि बाजूला होऊन त्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेत त्यांना याच पडद्यासमोर बसवले असते, तर त्यांनी बहुधा आणखी काही क्षण विचार करून योग्य बटण दाबले असते. अडथळा पडद्यावर होता, तसाच तो पाठीमागेही उभा होता, आणि हे निरीक्षणाशिवाय मला कधीच कळले नसते.

दुसरी गोष्ट याहून मूलभूत होती. मुंबईतील अनेक स्थानकांवर यंत्राशेजारी साहाय्यक असतो, बहुतेकदा रेल्वेतून निवृत्त झालेला कर्मचारी. प्रवासी स्थानकाचे नाव सांगून पैसे त्याच्या हातात देतात आणि तो सराईतपणे पडदे ओलांडून तिकीट काढून देतो. तेथे यंत्राचा वापरकर्ता तो साहाय्यक असतो आणि प्रवाशासाठी यंत्र ही आणखी एक खिडकी असते. आपण ज्याला वापरकर्ता समजतो तोच खरोखर यंत्राला हात लावतो का, हे कोणत्याही अभ्यासाच्या आरंभी तपासा. घरातील वडीलधाऱ्यांचे फोन नातवंडे चालवतात आणि बँकेचे अर्ज शेजारी भरून देतात, अशा आपल्या समाजात या तपासणीवाचून अभ्यास अपुरा राहतो.

३. प्रश्नावरून पद्धत निवडा

येथे नवख्यांची सर्वांत मोठी चूक होते, आणि ती मीही केली. प्रश्नावली पाठवणे सोपे असते, म्हणून ती आधी निवडली जाते आणि प्रश्न तिच्या मापाचा कापला जातो. क्रम याच्या उलट असायला हवा.

लोक यंत्राकडे का वळत नाहीत, असा प्रश्न असेल तर जागेवरचे निरीक्षण आणि जागेवरच घेतलेली मुलाखत लागते. ह्यू बेयर आणि कॅरेन होल्ट्झब्लाट यांनी मांडलेल्या संदर्भनिष्ठ चौकशीत संशोधकाने शागिर्दासारखे वागावे आणि काम करणाऱ्याला उस्ताद मानावे, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे कारागिराच्या हाताखाली शिकणाऱ्याचे नाते सर्वांना ठाऊक असल्याने ही भूमिका लवकर जमते. लोक कोठे अडतात, असा प्रश्न असेल तर युजेबिलिटी चाचणी घ्यावी, म्हणजे एकेका सहभागीला ठरावीक काम देऊन ते करताना पाहावे. पडद्याच्या दोन मांडण्यांपैकी कोणती जलद, असा प्रश्न असेल तर नियंत्रित प्रयोगच करावा लागतो. महिनाभरात सवय कशी बदलते, हे पाहायचे असेल तर रोजनिशी किंवा यंत्रातील नोंदी हाच मार्ग आहे.

यंत्र अजून तयारच नसेल तर कागदावर पडदे काढून चाचणी घेता येते, आणि ती लाजिरवाणी तडजोड मुळीच नाही. बोलण्याला उत्तर देणारे यंत्र बनवायचे असेल, तर आडोशाला बसलेला माणूस यंत्राच्या वतीने उत्तरे देतो आणि सहभागीला ते यंत्रच वाटते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जे. एफ. केली यांनी ही पद्धत रूढ केली. मात्र तिच्यात सहभागीपासून काही काळ सत्य लपवलेले असते, त्यामुळे सत्र संपताच ते सांगणे आणि नंतर पुन्हा संमती विचारणे बंधनकारक समजा.

सहभागींशिवाय करता येणारी परीक्षणेही आहेत. याकोब निल्सन आणि रॉल्फ मोलिच यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीत तीन ते पाच जाणकार ठरलेल्या तत्त्वांच्या कसोटीवर पडदे तपासतात. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन नेवेल यांच्या १९८० च्या प्रतिमानात प्रत्येक हालचालीला ठरावीक वेळ देऊन एकूण वेळेचा अंदाज बांधला जातो. पडद्यावरील जागेकडे माऊस नेण्याला त्यात १.१ सेकंद धरतात आणि मनाच्या तयारीला १.३५ सेकंद. पण तो अंदाज न चुकणाऱ्या सराईत माणसाचा असतो. साहाय्यकाचा वेग त्यावरून सांगता येईल, पहिल्यांदा यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या आजोबांचा सांगता येणार नाही.

४. परवानगी आणि संमती

स्थानक, दवाखाना, बँक, बसआगार अशा जागी ध्वनिचित्रमुद्रण करण्याआधी लेखी परवानगी घ्या. अर्जासोबत महाविद्यालयाचे पत्र, ओळखपत्र, तारखा, वेळा आणि उपकरणांची यादी जोडा. परवानगीला लागणारे आठवडे वेळापत्रकात आधीच धरा आणि त्या काळात कागदी नमुने तयार करत राहा. संस्थेची आचारसमिती असेल तर तिच्याकडे आराखडा पाठवल्याशिवाय एकाही सहभागीला बोलावू नका.

संमतीपत्र मराठीत आणि एका पानात असावे. अभ्यास कशाचा आहे, किती वेळ लागेल, काय मुद्रित होईल, ते कोण पाहील, केव्हा पुसले जाईल आणि कोणत्याही क्षणी कारण न देता उठून जाता येईल, एवढे त्यात हवे. वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवा आणि तोंडी होकार ध्वनिमुद्रित करा. नुसता अंगठा घेऊ नका, कारण कागदावर काय आहे हे न कळता दिलेल्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा भारतातील कायदा २०२३ चा आहे आणि त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, तेव्हा शाळकरी सहभागींसाठी पालकांची संमती घ्या. फोन क्रमांक मानधनासाठी घेतला असेल तर तो त्याच कामापुरता वापरा.

५. सहभागी कोण आणि किती

मित्र आणि वर्गमित्र यांच्यावर चाचणी घेण्याचा मोह टाळा. त्यांना तुमचे यश हवे असते आणि पडद्यांची भाषाही येत असते. ज्यांच्यासाठी यंत्र आहे त्यांच्यातूनच माणसे घ्या आणि निवडीच्या अटी आधी लिहून ठेवा.

‘पाच सहभागी पुरतात’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. त्यामागचा हिशेब समजून घेतल्याशिवाय ते वापरू नका. निल्सन आणि थॉमस लँडॉवर यांच्या १९९३ च्या कामात, एखादी अडचण एका सहभागीच्या सत्रात दिसण्याची सरासरी शक्यता सुमारे ३१ टक्के आढळली होती. म्हणजे ती एका सत्रात न दिसण्याची शक्यता ०.६९, आणि पाचही सत्रांत न दिसण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, सुमारे ०.१६. म्हणून पाच सत्रांत सुमारे ८४ टक्के अडचणी सापडतात. आता अडचण दहापैकी एकालाच येणारी असेल असे धरा. पाच सत्रांत ती दिसण्याची शक्यता अवघी ४१ टक्के उरते आणि ती ८० टक्क्यांच्या जवळ नेण्यासाठी पंधरा सहभागी लागतात. शिवाय आपले प्रवासी एकसारखे नसतात. रोज पास काढणारा कारकून, गावाहून आलेले आजोबा आणि महाविद्यालयीन मुलगी यांच्या अडचणी वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येक गटातून चार-पाच जण घ्या. आणि हा सगळा हिशेब अडचणी शोधण्याचा आहे. दोन मांडण्यांची तुलना करायची असेल तर पाच सहभागी अजिबात पुरत नाहीत. तेथे किती फरक महत्त्वाचा मानायचा ते ठरवून त्यावरून संख्या काढावी लागते.

६. कामे आणि संहिता लिहा

काम गोष्टीच्या रूपात द्या आणि त्यात पडद्यावरील शब्द येऊ देऊ नका. ‘परतीचा प्रवास निवडा’ असे कार्डावर लिहिले, तर सहभागी फक्त तीच अक्षरे पडद्यावर शोधेल. ‘तुम्हाला ठाण्याला बहिणीकडे जाऊन संध्याकाळी घरी यायचे आहे, तिकीट काढा’ असे लिहा. माझ्या नमुन्यातील बटणावर मी शुद्ध मराठीचा आग्रह धरून ‘परतीचा प्रवास’ असे लिहिले होते. खिडकीवर आयुष्यभर ‘एक ठाणे रिटर्न’ असे मागत आलेल्या माणसांची नजर त्या शब्दावरून सरकून जात होती. कामाच्या कार्डावर तोच शब्द असता, तर ही चूक चाचणीत झाकली गेली असती.

संहिता शब्दशः लिहा आणि प्रत्येक सहभागीला तीच वाचून दाखवा. तिच्यातील पहिले वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे: ‘आम्ही यंत्राची परीक्षा घेत आहोत, तुमची नाही. तुम्ही जेथे अडाल तेथे यंत्राची चूक आहे आणि ती आम्हाला सुधारायची आहे.’

दोन मांडण्या एकाच व्यक्तीला द्यायच्या असतील तर निम्म्या सहभागींना आधी पहिली व निम्म्यांना आधी दुसरी द्या, कारण सरावाचा फायदा नेहमी नंतरच्या मांडणीला मिळतो. चार मांडण्या असतील तर चार क्रम पुरतात: क ख घ ग, ख ग क घ, ग घ ख क आणि घ क ग ख. यांत प्रत्येक मांडणी प्रत्येक स्थानावर एकदा येते आणि प्रत्येक मांडणीनंतर इतर तिन्ही एकेकदाच लगेच येतात. सहभागींची संख्या मात्र चारच्या पटीत ठेवावी लागते.

७. पायलट चाचणी

दोन माणसांवर संपूर्ण सत्र, अगदी मानधनाच्या पावतीपर्यंत, करून पाहा. त्यांची माहिती मुख्य अभ्यासात धरू नका. माझ्या पायलटमध्ये पडद्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडून चित्रफितीत बोट दिसत नव्हते. ते त्याच दिवशी कळले म्हणून पुढची सत्रे वाचली.

८. प्रत्यक्ष सत्र

सहभागीला काम करताना मनातले मोठ्याने बोलायला सांगण्याची रीत या क्षेत्रात जुनी आहे. तिच्यामागे के. अँडर्स एरिकसन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० मध्ये मांडलेला विचार आहे. माणूस जे मनात धरून आहे ते त्याच वेळी बोलला तर विचारांचा क्रम फारसा बदलत नाही, पण कारणे विचारली की तो विचारच बदलतो. म्हणून सत्र चालू असताना ‘तुम्ही हे बटण का दाबले?’ असे विचारू नका. सहभागी गप्प झाला तर ‘बोलत राहा’ एवढेच म्हणा. सुरुवातीला सरावासाठी ‘तुमच्या घरात खिडक्या किती, ते मोठ्याने मोजून सांगा’ असे सांगा. माणूस मनातल्या मनात खोलीखोलीतून फिरत बोलू लागतो आणि अपेक्षा काय आहे ते त्याला न समजावता कळते.

तरीही अनोळखी माणसासमोर एकट्याने बडबडणे अनेकांना, विशेषतः वयस्कांना, अवघड जाते. अशा वेळी ओळखीच्या दोघांना एकत्र काम द्या. ती एकमेकांशी बोलतात आणि आपल्याला विचार आयते ऐकू येतात. मानववंशशास्त्रज्ञ लुसी सचमन यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात छायाप्रती काढणाऱ्या यंत्रासमोर अशाच जोड्यांचे चित्रण केले होते. यंत्राला माणसाच्या कृतींचा किती थोडा भाग ‘दिसतो’ आणि माणूस मात्र त्याच्या प्रत्येक प्रतिसादाला अर्थ देत जातो, हे त्यांनी त्या चित्रफिती बारकाईने उलगडून दाखवले. पुढे आलेल्या कितीतरी अभ्यासांना त्या कामाने दिशा दिली.

आता आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या सापळ्याविषयी सविस्तर सांगते. आपली माणसे पाहुण्याला नाराज करत नाहीत. समोर शिकलेली मुलगी वही घेऊन बसली आहे, तिने चहा दिला आहे, तर तिच्या यंत्राला नाव कसे ठेवायचे, असा संकोच असतो. ‘छान आहे’, ‘सोपं आहे, मलाच जमत नाही’ ही दोन वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली की ती नोंदपत्रकावर लिहिणेच थांबवले. निकोला डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरूमध्ये ४५० जणांबरोबर केलेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याची मोजदाद देतो. दोन वस्तू अगदी सारख्या असतानाही, मुलाखत घेणाऱ्याने बनवलेली म्हणून सांगितलेली वस्तू पसंत केली जाण्याची शक्यता सुमारे अडीचपट होती. मुलाखत घेणारा परदेशी असून दुभाष्या सोबत असेल, तर ती पाचपट झाली.

यावर काही उपाय आहेत. नमुना तुम्ही बनवला आहे हे सांगू नका, आणि शक्य असल्यास सत्र दुसऱ्या कोणाला घ्यायला सांगा. एकच नमुना दाखवून मत विचारू नका. दोन दाखवा म्हणजे एकाला नाव ठेवणे सोपे होते. ‘तुम्हाला आवडले का’ याऐवजी ‘तुमच्या शेजारच्या काकूंना हे यंत्र समजावून सांगायचे असेल तर काय सांगाल?’ असे विचारा. दुसऱ्याच्या नावावर माणसे मोकळेपणाने तक्रार सांगतात. मुंबईत काम करताना वापरयोग्यता-तज्ज्ञ अपला लाहिरी चव्हाण यांनी याच संकोचावर तोड म्हणून कामाला हिंदी चित्रपटासारखे नाट्यमय कथानक दिले होते. लग्नघर, ऐन वेळी कळलेले नवऱ्या मुलाचे खरे रूप आणि त्यासाठी तातडीने काढायचे विमानाचे तिकीट, अशा प्रसंगात शिरलेला सहभागी संकोच विसरून यंत्रावर चिडू शकतो.

आपल्या प्रश्नांची भाषाही तपासा. मराठीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’ उत्तर आधीच देऊन टाकतो. ‘हे दिसतंय ना?’ याला ‘हो’ शिवाय उत्तर नसते. ‘कळलं का?’ हा प्रश्न शाळेतला आहे आणि त्याला सगळे होकारच देतात. ‘हे दाबल्यावर काय होईल असं वाटतं?’ असे विचारले की माणसाला काय समजले आहे ते बाहेर येते. वयाने मोठ्यांना काका, मावशी, आजोबा म्हणताना मन मोकळे होते हे खरे, पण त्याच जिव्हाळ्याने आपण मदतीला धावतो. सहभागी अडला की मनात तीस आकडे मोजा. त्या शांततेतच बहुतेक शोध लागतात. तो खरोखर त्रासला असेल तर मात्र काम थांबवा, आभार माना आणि नोंदपत्रकात ‘अपूर्ण’ असे लिहा.

९. काय मोजायचे

काम पूर्ण झाले की नाही, किती वेळ लागला, कोणत्या पडद्यावर चूक झाली आणि मदत लागली का, ही चार मोजमापे बहुतेक अभ्यासांना पुरतात. ज्या सत्रात सहभागी मोठ्याने बोलत असेल त्या सत्राची वेळ तुलनेसाठी वापरू नका. बोलण्याने गती बदलते.

स्थानकाचे नाव टाइप करून शोधण्यासारखे काम असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. रोमन लिपीत टंकनाचा वेग मोजताना पाच अक्षरचिन्हांचा एक शब्द धरतात. देवनागरीत ‘स्था’ हे आपल्याला एकच अक्षर वाटते, पण संगणकासाठी त्यात स, हलन्त, थ आणि काना अशी चार चिन्हे असतात. काय मोजले ते स्पष्ट लिहिले नाही, तर तुमचा आकडा कोणाच्याच आकड्याशी ताडून पाहता येणार नाही.

समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ सर्रास वापरतात. प्रत्येक विधानाला १ (पूर्ण असहमत) ते ५ (पूर्ण सहमत) यांपैकी एक आकडा उत्तर म्हणून घ्यायचा, विषम क्रमांकाच्या विधानांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचे उत्तर ५ मधून वजा करायचे आणि बेरजेला २.५ ने गुणायचे. येणारा आकडा ० ते १०० मध्ये असला तरी ती टक्केवारी नव्हे. अनेक अभ्यासांची सरासरी सुमारे ६८ येते, म्हणून ७० हा आकडा प्रथम श्रेणीचा वाटला तरी तो मध्यमाच्या जरा वर एवढाच आहे. भाषांतर स्वतः एकट्याने करू नका. एकाने मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यावे आणि फरक जुळवून पाहावेत. या प्रश्नावलीतील निम्मी विधाने नकारात्मक आहेत आणि ‘मला हे गुंतागुंतीचे वाटले’ याला ‘असहमत’ म्हणताना अनेकांचा गोंधळ होतो. तोंडी विचारताना प्रत्येक उत्तर वाक्यात परत म्हणून खात्री करून घ्या.

१०. विश्लेषण

सत्र संपल्यावर त्याच दिवशी अर्धा तास बसून नोंदी पूर्ण करा. दोन दिवसांनी स्वतःचेच संक्षेप लागत नाहीत. मुलाखती आणि बोलणे शब्दशः उतरवा, ‘अं’ आणि थांबे यांसकट. मग प्रत्येक घटना एका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावा आणि जवळच्या चिठ्ठ्या एकत्र आणत जा. व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये आशयसूत्रांच्या, म्हणजे बोलण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुद्द्यांच्या, विश्लेषणाच्या सहा पायऱ्या नीट मांडल्या आहेत, त्या पाळल्या तर भरकटायला होत नाही. गटांची नावे आधी ठरवू नका. ‘भाषेच्या अडचणी’ हा माझा आधीच ठरवलेला गट भिंतीवर जेमतेम भरला. ‘मागे कोणीतरी उभे आहे’ हा गट मात्र मी न ठरवताच वाढत गेला.

आकड्यांबाबत दोन गोष्टी सांभाळा. कामाला लागणाऱ्या वेळा एका बाजूला लांबलेल्या असतात, कारण एखादा सहभागी पाच-पाच मिनिटे अडतो. म्हणून सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ, द्या किंवा वेळांचा लॉगॅरिथम घेऊन तुलना करा. आणि पाचपैकी पाच जणांनी काम पूर्ण केले म्हणून ‘१०० टक्के यश’ असे लिहू नका. ९५ टक्के विश्वासपातळीवर खरे प्रमाण ४८ टक्क्यांपर्यंत खाली असू शकते. ‘पाचपैकी पाच’ असेच लिहा.

११. अहवाल आणि नंतरची देखभाल

अहवालात आधी अडचण लिहा, मग ती कोणत्या पडद्यावर आणि किती जणांना आली ते, आणि त्यानंतर एका सहभागीचे बोलणे जसेच्या तसे द्या. उपाय त्याच्याखाली वेगळ्या परिच्छेदात द्या, म्हणजे जे पाहिले आणि जे सुचले यांची सरमिसळ होत नाही. अभ्यास कोठे, कोणत्या वेळी आणि कोणावर झाला ते स्पष्ट नोंदवा. उपनगरी स्थानकावर दुपारी दिसलेली गोष्ट ग्रामीण बसस्थानकाला लागू होईल असे गृहीत धरता येत नाही.

चित्रफितीतील चेहरे अहवालात वापरायचे असतील तर त्यासाठी वेगळी संमती लागते. हात आणि पडदा एवढेच दाखवले तर बहुतेक वेळा काम भागते. ज्या सहभागींनी निकाल कळवा असे सांगितले असेल त्यांना एक पान मराठीत लिहून पाठवा. संमतीपत्रात दिलेली तारीख दिनदर्शिकेत नोंदवा, आणि त्या दिवशी फोन, संगणक आणि ऑनलाइन साठवण या तिन्ही ठिकाणांहून मुद्रणे पुसून, नावे-क्रमांकांची यादी फाडून टाका.